एकवीस जखमा आणि नसलेली नोंद : ‘पर्पल हार्ट’च्या दप्तराचा इतिहास

१/ रणांगणात सैनिकाला झालेली जखम सिद्ध कशी होते? अंगावरचा व्रण पुरावा मानायचा, की दप्तरातील कागद? अमेरिकेच्या सैन्यदलांत हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सार्जंट हेन्री जॉन्सन. एका रात्रीत त्यांना एकवीस जखमा झाल्या. सेवामुक्तीच्या कागदांत मात्र त्यांतील एकीचाही उल्लेख नव्हता. हा धागा त्या जखमांविषयी आणि नोंद दुरुस्त व्हावी म्हणून माजी सैनिकांनी केलेल्या अर्जांविषयी आहे.

२/ आधी पदकाची ओळख. ७ ऑगस्ट १७८२ रोजी न्यूयॉर्क प्रांतातील न्यूबर्ग येथील छावणीतून जॉर्ज वॉशिंग्टन यांनी एक आदेश काढला. विशेष कामगिरी करणाऱ्या साध्या शिपायाला डाव्या छातीवर जांभळ्या कापडाचे किंवा रेशमाचे हृदय लावण्याचा मान त्या आदेशाने मिळाला. सन्मान हा सरदार-अधिकाऱ्यांचाच हक्क मानला जाण्याच्या काळात सामान्य सैनिकासाठी असे चिन्ह निर्माण होणे ही नवी गोष्ट होती.

३/ त्याच आदेशात आणखी एक तरतूद होती. सन्मानित सैनिकाचे नाव आणि पलटण एका ‘गुणवत्ता-वही’त लिहून ठेवावी, असे वॉशिंग्टन यांनी सांगितले होते. ती वही आजतागायत सापडलेली नाही. एलायजा चर्चिल, विल्यम ब्राउन आणि डॅनियल बिसेल या तीनच सार्जंटांची नावे आज खात्रीने सांगता येतात. पुढे ‘पर्पल हार्ट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पदकाचा इतिहास असा हरवलेल्या नोंदवहीपासूनच सुरू होतो. स्वातंत्र्ययुद्धानंतर हे चिन्ह जवळजवळ दीडशे वर्षे विस्मृतीत गेले.

४/ आता १९१७. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती. नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेले हेन्री जॉन्सन त्या वेळी न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी शहरात रेल्वे स्थानकावर हमाली करत. उंची अवघी पाच फूट चार इंच. ५ जून १९१७ रोजी ते न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या १५ व्या रेजिमेंटमध्ये भरती झाले. ही कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण होती. पुढे तिलाच ३६९ वी इन्फंट्री रेजिमेंट असे नाव मिळाले आणि ‘हार्लेम हेलफायटर्स’ म्हणून ती ओळखली गेली.

५/ अमेरिकेचे सैन्य तेव्हा वर्णभेदानुसार विभागलेले होते. फ्रान्समध्ये पोहोचल्यावर या पलटणीला आधी ओझी वाहण्याची आणि बांधकामाची कामे देण्यात आली. १९१८ मध्ये ती फ्रेंच सेनेच्या हवाली झाली. अंगावर अमेरिकी गणवेश, डोक्यावर फ्रेंच शिरस्त्राण, हातात फ्रेंच रायफल आणि हुकूम फ्रेंच सेनापतींचा, अशा अवस्थेत हे सैनिक आर्गॉन अरण्याच्या कडेला खंदकात उतरले.

६/ १५ मे १९१८ ची पहाट अजून उजाडायची होती. जॉन्सन आणि न्यू जर्सीचे नीडहॅम रॉबर्ट्स पुढच्या चौकीवर पहाऱ्याला होते. अंधारात काटेरी तार कापल्याचा आवाज आला. किमान बारा जर्मन सैनिकांची तुकडी छापा घालण्यासाठी आली होती. हातबाँब पडू लागले आणि रॉबर्ट्स गंभीर जखमी झाले. शत्रूचे सैनिक त्यांना ओढून नेऊ लागले.

७/ जॉन्सन स्वतः जखमी होते. रायफल अडकून बंद पडल्यावर त्यांनी ती उलटी धरून दंडुक्यासारखी चालवली. तीही निकामी झाली, तेव्हा बोलो नावाचा जाड पात्याचा सुरा उपसून ते शत्रूवर तुटून पडले. जर्मन तुकडी माघारी फिरेपर्यंत त्यांनी हातघाईची लढाई केली आणि रॉबर्ट्स यांना कैद होण्यापासून वाचवले. या झटापटीत जॉन्सन यांना एकवीस जखमा झाल्या. डाव्या पायाच्या हाडांचा चुरा झाला आणि तिथे पुढे धातूची पट्टी बसवावी लागली.

८/ फ्रान्सने या पराक्रमाची तत्काळ दखल घेतली. दोघांनाही ‘क्रॉ द गेर’ हे शौर्यपदक मिळाले. हा फ्रेंच सन्मान मिळवणाऱ्या पहिल्या अमेरिकी सैनिकांत त्यांची गणना होते. अमेरिकी वृत्तपत्रांनी ही हकिकत ठळकपणे छापली आणि जॉन्सन यांना ‘ब्लॅक डेथ’ हे टोपणनाव मिळाले. स्वतःच्या देशाच्या सैन्याने मात्र त्यांना एकही पदक दिले नाही. पहिल्या महायुद्धात एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले नव्हते. तो पायंडा मोडायला १९९१ उजाडावे लागले. त्या वर्षी कॉर्पोरल फ्रेडी स्टोवर्स यांना ते मरणोत्तर देण्यात आले.

९/ १७ फेब्रुवारी १९१९ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरून हार्लेमपर्यंत पलटणीची भव्य मिरवणूक निघाली. जॉन्सन उघड्या मोटारीतून लोकांचे अभिवादन स्वीकारत होते. सरकारने सैन्यभरतीच्या आणि बचत-तिकिटांच्या प्रचारासाठी त्यांचे नाव व चित्र वापरले. जाहिरातीसाठी त्यांच्या शौर्याची खात्री होती. अधिकृत सन्मानासाठी ती पुरेशी ठरली नाही.

१०/ त्याच वर्षी मार्चमध्ये सेंट लुइस शहरात जॉन्सन यांचे व्याख्यान झाले. श्रोत्यांना रणांगणातील शौर्यकथा ऐकायची होती. जॉन्सन यांनी गोऱ्या अमेरिकी सैनिकांनी कृष्णवर्णीय सैनिकांना दिलेल्या वागणुकीविषयी उघडपणे सांगितले. त्यानंतर व्याख्यानांची निमंत्रणे आटली आणि उत्पन्नाचा तो मार्ग बंद झाला. मोडलेल्या पायाने पूर्वीसारखी हमाली करणेही शक्य नव्हते.

११/ इथे सेवामुक्तीच्या कागदाचे महत्त्व लक्षात येते. सैनिक घरी परततो तेव्हा त्याच्या सेवेचा सारांश त्या कागदावर असतो : कधी भरती झाला, कुठे लढला, कोणती पदके मिळाली, जखमी झाला का. पुढचे प्रत्येक कार्यालय तोच कागद मागते. जखमेपोटी भरपाई हवी असो वा बाहीवर जखमेची सोनेरी फीत लावण्याचा हक्क सांगायचा असो, सुरुवात तिथूनच होते. जॉन्सन यांच्या कागदांत जखमांची नोंद नसल्याने त्या जखमांच्या आधारे काही मागण्याची वाटच बंद झाली.

१२/ लोकप्रिय कथेनुसार जॉन्सन अखेरपर्यंत सरकारी मदतीवाचून राहिले. दप्तरातील नंतर उजेडात आलेले कागद थोडे वेगळे सांगतात. सप्टेंबर १९२७ मध्ये माजी सैनिकांच्या विभागाने त्यांना कायमचे व पूर्णतः अपंग ठरवले आणि त्यांना मासिक भत्ता मिळू लागला. त्यासाठी नोंदलेले कारण होते क्षयरोग. आर्गॉनच्या त्या रात्रीच्या जखमा या निर्णयाचे कारण नव्हत्या. १ जुलै १९२९ रोजी त्यांचे निधन झाले.

१३/ त्यानंतर तीन वर्षांच्या आत चित्र पालटले. वॉशिंग्टन यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, २२ फेब्रुवारी १९३२ रोजी, लष्करप्रमुख जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी जुन्या जांभळ्या हृदयाचे पुनरुज्जीवन केले. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्यांना आता पर्पल हार्ट मिळू शकत होते. मात्र त्यासाठी सैनिकाला स्वतः अर्ज करावा लागे आणि जखमेचा दाखला द्यावा लागे. मृतांना पदक देण्याची सोय आरंभी नव्हती.

१४/ जॉन्सन यांच्यासाठी ही दोन्ही दारे बंद होती. ते हयात नव्हते आणि हयात असते तरी दाखवायला कागद नव्हता. दुसऱ्या महायुद्धात नियम बदलले. १९४२ मध्ये युद्धात मरण पावलेल्यांनाही पदक देणे सुरू झाले आणि नौदल व मरीन दलालाही ते लागू झाले. ‘गुणवत्ते’साठी हे पदक देण्याची प्रथा थांबली. तेव्हापासून पर्पल हार्टचा अर्थ पक्का झाला : शत्रूच्या हातून झालेली जखम किंवा मृत्यू.

१५/ नोंद चुकली तर ती दुरुस्त कोण करणार? १९४६ पर्यंत यासाठी एक विचित्र वाट होती. सैनिकाला आपल्या लोकप्रतिनिधीला गाठावे लागे. तो प्रतिनिधी त्या एका माणसासाठी काँग्रेसमध्ये खासगी विधेयक मांडे. एका शिपायाच्या कागदावरची एक ओळ बदलण्यासाठी देशाच्या कायदेमंडळाला मतदान करावे लागे. ज्याची ओळख त्याचे काम होई; बाकीचे खेटे घालत राहत.

१६/ दुसऱ्या महायुद्धातून लक्षावधी सैनिक परतल्यावर ही पद्धत टिकणे अशक्य होते. १९४६ च्या विधिमंडळ पुनर्रचना कायद्याने अशा खासगी विधेयकांवर बंदी घातली आणि दुरुस्तीचे अधिकार सैन्यदलांच्या मंत्र्यांकडे दिले. मंत्री नागरी सदस्यांच्या मंडळामार्फत हे अधिकार वापरतात. कायद्याची कसोटी दोन शब्दांत सांगता येते : नोंदीत ‘चूक’ असली पाहिजे किंवा सैनिकावर ‘अन्याय’ झालेला असला पाहिजे.

१७/ आज अमेरिकी सैनिक यासाठी ‘डीडी फॉर्म १४९’ भरतो. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो; न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ ही मुदत शिथिल करू शकते. सरकारी नोंद बरोबर आहे असे गृहीत धरूनच सुनावणी सुरू होते. ती चुकीची असल्याचे दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. सैनिक मरण पावला असेल, तर त्याचे वारसही अर्ज करू शकतात.

१८/ पर्पल हार्टसाठी लष्कर मुख्यतः तीन गोष्टी तपासते. जखम शत्रूच्या कारवाईमुळे झाली का? तिच्यावर वैद्यकीय कर्मचाऱ्याकडून उपचार करावे लागले का? आणि त्या उपचारांची अधिकृत नोंद आहे का? पहिल्या दोन गोष्टी रणांगणावर घडतात. तिसरी दप्तरात घडते, आणि बहुतेक अर्ज याच तिसऱ्या पायरीवर अडखळतात.

१९/ कारण रणांगणात लिहायला सवड नसते. पट्टी बांधणारा वैद्यकीय मदतनीस पुढच्या तासाला स्वतःच मारला जाऊ शकतो. जखमी सैनिक इस्पितळात न जाता पुन्हा आपल्या साथीदारांकडे परततो. विशीतल्या तरुणाला त्या क्षणी जीव वाचल्याचा आनंद असतो. कागदावर काय लिहिले गेले, याची चौकशी तो करत नाही. ती चौकशी सुरू होते चाळीस-पन्नास वर्षांनी, जुने दुखणे डोके वर काढते तेव्हा किंवा नातवंडे पदकांविषयी विचारू लागतात तेव्हा.

२०/ त्यात १९७३ ची आग. १२ जुलै १९७३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, सेंट लुइसजवळील राष्ट्रीय सेवा-नोंदी केंद्राच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. ती पूर्णपणे विझायला चार दिवसांहून अधिक काळ लागला. सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलाच्या सैनिकांपैकी जवळजवळ ८० टक्क्यांच्या नोंदी त्यात गेल्या. त्यांच्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मचित्रफिती नव्हत्या, सूचीही नव्हती.

२१/ म्हणजे दोन महायुद्धे आणि कोरियन युद्ध लढलेल्या पिढ्यांचा मुख्य पुरावाच जळाला. आगीतून वाचलेले, पण पाण्याने भिजलेले लक्षावधी कागद निर्वात कोठीत वाळवावे लागले. त्यानंतर अभिलेखपालांनी पर्यायी साधने शोधली : पलटणींचे रोजचे अहवाल, पगारपत्रके, बढती-बदलीचे आदेश. १९८८ मध्ये इस्पितळांतील दाखल्यांच्या सुमारे एक कोटी नोंदी असलेल्या संगणकीय फितींचा संग्रह केंद्राकडे आला. नावाऐवजी सेवाक्रमांक असलेल्या अशा एखाद्या ओळीनेही पुढे अनेकांच्या जखमांना साक्ष मिळाली.

२२/ तरीही सर्वांचे समाधान झाले नाही. कोरियन युद्धात १९५१ साली एका अमेरिकी सैनिकाच्या मांडीत उखळी तोफेच्या गोळ्याचा तुकडा घुसला. तो तुकडा आयुष्यभर शरीरातच राहिला. मुलींच्या आग्रहावरून त्यांनी उतारवयात पर्पल हार्टसाठी अर्ज केला. कागदपत्रे अपुरी म्हणून तो फेटाळला गेला. अखेर त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. लोकप्रतिनिधी आणि वरिष्ठ लष्करी अधिकारी मदतीला आले. २०२४ मध्ये, जखमेनंतर ७३ वर्षांनी, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांना पदक मिळाले.

२३/ मग लष्कर एवढे काटेकोर का? त्यामागेही कारण आहे. पदकाचा मान त्याच्या खरेपणावर टिकतो. न मिळालेली पदके छातीवर मिरवणारे तोतये प्रत्येक युद्धानंतर दिसतात. पर्पल हार्टमुळे काही सरकारी सवलतीही मिळतात. केवळ शब्दावर विश्वास ठेवला तर खऱ्या जखमींच्या रांगेत खोटे शिरतील, ही भीती निराधार नाही. अडचण अशी, की तोच नियम ज्याचा साक्षीदार मेला आणि ज्याची फाईल जळाली, त्या प्रामाणिक सैनिकालाही लागू होतो. त्यात त्याचा काहीच दोष नसतो.

२४/ पुन्हा जॉन्सन यांच्याकडे. ऑल्बनीतील माजी सैनिकांनी आणि चाहत्यांनी त्यांचे प्रकरण सोडले नाही. २५ जून १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीत त्यांना मरणोत्तर पर्पल हार्ट मिळाले. जखमेपासून ७८ वर्षे झाली होती. काही वर्षांनी ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ हा लष्कराचा दुसऱ्या क्रमांकाचा शौर्यसन्मानही मिळाला. सर्वोच्च सन्मानासाठी मात्र पुरावा कमी पडत होता.

२५/ तो पुरावा दप्तरातच होता. सिनेटर चक शूमर यांच्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांच्या शोधात, फ्रान्समधील अमेरिकी फौजांचे सरसेनापती जनरल जॉन पर्शिंग यांचे लढाईनंतर काही दिवसांतच काढलेले एक निवेदन हाती आले. जॉन्सन आणि रॉबर्ट्स यांच्या पराक्रमाची त्यात नोंद होती. कालमर्यादा उलटून गेल्याने काँग्रेसला खास कायद्याने सूट द्यावी लागली. २ जून २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी जॉन्सन यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ प्रदान केले. लढाईला ९७ वर्षे झाली होती.

२६/ पदक स्वीकारायला नातेवाईक नव्हते. अनेक वर्षे एका नामवंत टस्कीगी वैमानिकाला जॉन्सन यांचे पुत्र मानले जात होते. त्या कुटुंबाने सन्मानासाठी मोठा लढा दिला होता. पदक देण्यापूर्वी लष्कराने वंशावळ तपासली, तेव्हा रक्ताचे नाते नसल्याचे आढळले. ज्या काटेकोर शोधाने पदकाची वाट मोकळी केली, त्याच शोधाने हे नाते पुसले. न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका वरिष्ठ सार्जंटने ते पदक स्वीकारले.

२७/ त्यांच्या कबरीचीही कथा अशीच. निराधारांच्या स्मशानात त्यांना पुरले असावे, असा समज होता. २००२ मध्ये आर्लिंग्टन राष्ट्रीय स्मशानभूमीतील नोंदींवरून कळले, की १९२९ मध्येच लष्करी इतमामात त्यांचे दफन तिथे झाले होते. २०२३ मध्ये लुइझियानातील फोर्ट पोल्क या लष्करी तळाला फोर्ट जॉन्सन असे नाव देण्यात आले. २०२५ मध्ये ते बदलून पुन्हा फोर्ट पोल्क करण्यात आले.

२८/ आजपर्यंत सुमारे १८ लाख पर्पल हार्ट दिली गेली असावीत, असा अंदाज आहे. अंदाज म्हणायचे कारण, सर्व मानकऱ्यांची एकत्रित सरकारी यादीच अस्तित्वात नाही. न्यूबर्गजवळच्या न्यू विंडसर येथे २००६ मध्ये उघडलेले पर्पल हार्ट स्मृतिभवन सैनिकांकडून आणि कुटुंबांकडून माहिती मागवून ही यादी तयार करत आहे. वॉशिंग्टन यांची हरवलेली वही जणू नव्याने लिहिली जात आहे.

२९/ इतिहासाच्या अभ्यासकासाठी या प्रकरणात दोन्ही बाजूंचे धडे आहेत. सेवामुक्तीच्या कागदावर जखम नाही, म्हणून ती झालीच नाही असा निष्कर्ष काढणे चूक ठरले. पण ‘मदत मिळाली नाही’, ‘बेवारस पुरले’, ‘पुत्र हयात होता’ या प्रचलित समजुतीही कागदांनीच दुरुस्त केल्या. एक कागद गप्प असेल तर दुसरा शोधावा लागतो : इस्पितळाची नोंद, सेनापतीचे निवेदन, स्मशानभूमीचे रजिस्टर.

३०/ आणि ज्यांच्या घरात एखादे आजोबा युद्धावर गेले होते, त्यांच्यासाठी हे काम आजचे आहे. पेटीच्या तळाशी असलेला सेवामुक्तीचा कागद, इस्पितळाची चिठ्ठी, साथीदाराचे पत्र जपून ठेवावे. त्यावरची नावे, तारखा आणि पलटणीचे क्रमांक लिहून घ्यावेत. जॉन्सन यांना स्वतःसाठी अर्ज करता आला नाही. त्यांच्या वतीने तो इतरांना करावा लागला, आणि कुणीतरी जपलेल्या एका जुन्या कागदामुळेच तो मान्य झाला.

(धागा समाप्त)